टॅबवर व्हिडिओ एडिट करताय? मग या चुका टाळा

टॅबवर नीट एडिटिंग होतं. लुमाफ्यूजन, व्हीएन, दाविंची रिझॉल्व्ह अशी अ‍ॅप्स आहेत, आणि बोटाने क्लिप कापायला मजाही येते. पण ही मजा चाखायच्या घाईत फायली कुठे ठेवल्यात याचा विचार कुणी करत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काम पूर्ण व्हायच्या आत मूळ क्लिप्स उडवणं. ‘प्रोजेक्ट अ‍ॅपमध्ये आहे की!’ असं मला हमखास ऐकवलं जातं. अहो, कित्येक अ‍ॅप्समध्ये प्रोजेक्ट म्हणजे कुठली क्लिप कुठे कापली एवढीच नोंद. चित्रण गॅलरीत नाहीतर बाहेरच्या ड्राइव्हवरच असतं.

ओळखीतल्या एका मुलाने मित्रांच्या नाटकाचा व्हिडिओ जवळजवळ पूर्ण केला होता. एक्सपोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवायला, जागा पुरेना, म्हणून त्याने गॅलरी साफ केली, ‘नुकतेच हटवलेले’सुद्धा रिकामं केलं. प्रोजेक्ट उघडला तर कट जागच्या जागी, शीर्षकं जागच्या जागी आणि चित्राच्या ठिकाणी काळी चौकट. अ‍ॅप बिघडलं असेल असं समजून त्याने ते काढून पुन्हा टाकलं. झालं, त्यासोबत प्रोजेक्टही गेला! शेवटी नटांना चॅटवर पाठवलेल्या काही क्लिप्स मिळाल्या, त्याही आकार दाबून धूसर झालेल्या.

माझी सवय सांगतो. चित्रण आधी एसएसडीवर, म्हणजे बाहेरून जोडायच्या ड्राइव्हवर, कॉपी करायचं आणि तयार व्हिडिओ पोचता होईपर्यंत त्या फोल्डरला हात लावायचा नाही. आयपॅड असेल तर ड्राइव्ह एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट करून घ्या. एनटीएफएस या विंडोजच्या प्रकारातल्या ड्राइव्हवरचं तो नुसतं वाचतो, लिहीत नाही. जागेचा हिशेबही आधीच करा. आयफोनवर एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात 4के, सेकंदाला 60 फ्रेम्सचं (म्हणजे चित्रांचं) मिनिटभर चित्रण सुमारे 400 एमबी घेतं, 1080पी 30 फ्रेम्सचं सुमारे 60. नवशिक्याला 1080पी पुरे. चुकून काही उडालंच तर बाकी काही करण्याआधी ‘नुकतेच हटवलेले’ बघा. अ‍ॅपल फोटोजमध्ये क्लिप तिथे साधारण 30 दिवस राहते.

दुसरं माझं दुखणं आवाजाचं. रंगांशी तासभर खेळणारी माणसं आवाज टॅबच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकून मोकळी होतात. हेडफोन लावा, तोही वायरचा. ब्लूटूथवर आवाज जरासा उशिरा पोचू शकतो. मग ओठ जुळत नाहीत म्हणून तुम्ही चांगली क्लिप सरकवत बसता. वायर लावूनही पुढेपुढे आवाज घसरत असेल, तर बहुधा फोनच्या बदलत्या फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स याचा, घोळ आहे. लांब क्लिपचे तुकडे करून प्रत्येकाचा आवाज वेगळा जुळवा. बोलण्याचा सर्वात मोठा आवाज मी अ‍ॅपच्या आवाजमापकावर उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवतो. पार्श्वसंगीत तुम्हाला ठीक वाटेल त्याहून कमी करा. नाही, अजून कमी.

रंग बघण्याआधी ट्रू टोन, नाइट शिफ्ट (आयपॅडच्या स्क्रीनचे रंग बदलणाऱ्या सोयी) आणि आपोआप बदलणारा उजेड बंद करा. आभाळ पांढरंफटक दिसत असेल तर एचडीआर क्लिप (उजेड-अंधाराची जास्त पातळी टिपणारी) साध्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप्स मांडायच्या पट्टीवर, टाकली आहे का, ते तपासा. व्हिडिओ आडवा की उभा, हे पहिल्या कटाआधी ठरवा.

ट्रान्झिशन्स, म्हणजे दोन क्लिप्समधले सजवलेले जोड? साधा कट शिका आधी. टेम्प्लेटमध्ये क्लिप्स कोंबून ‘एडिटर’ म्हणवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांचा प्रोजेक्ट दुरुस्तही करून देत नाही.

एक्सपोर्ट चालू असताना स्क्रीन बंद होऊ देऊ नका, दुसऱ्या अ‍ॅपमध्येही डोकावू नका. पुष्कळदा काम तिथेच थांबतं. तयार फाइल एडिटरच्या बाहेर उघडून शेवटपर्यंत पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाते आणि समोरचा विचारतो, ‘एवढं अंधुक का दिसतंय?’