पाहुण्यांचं बाथरूम मिनिमल करताय? या चुका टाळा

गणपतीच्या दोन दिवस आधी पाहुण्यांच्या बाथरूमचं दार उघडलं आणि नाकाला पदर लावायची वेळ आली. तीन महिन्यांपूर्वीच सगळं नवीन करून घेतलं होतं. कुठे गळती नाही, डाग नाही, तरी गटाराचा वास. प्लंबर आला, त्याने काहीही न उघडता नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, दोन तांबे पाणी ओतलं, खिडकी उघडली आणि म्हणाला, "ताई, थोडा वेळ थांबा." वास गेला.

ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं असतं. ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं ते हेच पाणी. रोज वापर असला की ते आपोआप भरत राहतं, पण बाथरूम तीन-चार आठवडे बंद राहिलं की वाळून जातं. म्हणून आठवड्यातून एकदा नहाणीत आणि बेसिनमध्ये पाणी ओता, फ्लशही एकदा दाबा. महिनाभर गावाला जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही. पाणी ओतूनही वास राहिला, तर बेसिनचा पाइप जमिनीत किंवा भिंतीत जिथे शिरतो तिथे वाकून बघा. तिथली फट बहुतेक वेळा तशीच सोडलेली असते. रबरी कॉलर बसवली की काम होतं.

त्या दिवसापासून या बाथरूमबद्दल मी दोनच गोष्टी मनात धरते. ते बरेच दिवस बंद असतं, आणि वापरणाऱ्याला तिथलं काहीच माहीत नसतं. बहुतेक चुका या दोन गोष्टी विसरल्यामुळेच होतात.

भिंतीत लपवताना

मिनिमल म्हटलं की पाइप, डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे सोडायचं ते ठरवणारा कॉक), फ्लशची टाकी, सगळं भिंतीत जातं. दिसायला सुंदरच, पण टाइल्स लावण्याआधी पाइपांची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळतीची तपासणी, झालीच पाहिजे आणि प्रत्येक भिंतीचा फोटो मोजपट्टी धरून काढलाच पाहिजे. पुढे आरशासाठी ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतात.

वॉल-हंग, म्हणजे भिंतीला टांगलेल्या, कमोडचा भार चार इंची भिंतीवर टाकू नका. लोखंडी फ्रेम जमिनीला बोल्ट करून घ्या. फ्लश प्लेटच्या मागची चौकट हीच टाकी दुरुस्त करायची वाट असते, तिच्यासमोर शेल्फ येऊ देऊ नका.

कन्सील्ड, म्हणजे भिंतीत लपवलेल्या, डायव्हर्टरवर किती खोल बसवायचं याच्या दोन खुणा असतात. टाइल्सचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्येच यायला हवा. जुन्या टाइल्सवर नव्या चिकटवायचं ऐनवेळी ठरलं तर जाडी बदलते आणि नॉब आत बुडतो. अशा वेळी त्याच मॉडेलचं एक्स्टेंशन मिळतं का ते आधी विचारा. नाही मिळालं तर टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नाही.

उतार

कमी सांधे दिसावेत म्हणून लोक जमिनीवरही दोन बाय चार फुटांच्या टाइल्स लावतात. जाळी मधोमध असेल तर चारही बाजूंनी उतार हवा, आणि मोठी टाइल काही वाकत नाही. मग ती तिरकी कापावी लागते, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचतं. मोठ्याच टाइल्स हव्या असतील तर भिंतीलगत लांब जाळी घ्या, म्हणजे उतार एकाच दिशेने पुरतो. उतार मीटरला 10 ते 12 मिलिमीटर ठेवा. साचणाऱ्या पाण्यावर सांध्यांत नवं ग्राउट (टाइल्सच्या फटी बुजवायचा मसाला) भरून काही उपयोग नाही, तेवढा भाग उखडून पुन्हाच लावावा लागतो.

त्याआधी, वॉटरप्रूफिंग झालं की जमिनीवर 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना छत बघायला सांगा. कंत्राटदार घाई करेल, तरी ऐकू नका.

खुंटी आणि बादली

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. भिंत मोकळी दिसावी म्हणून मी आत एकही खुंटी ठेवली नव्हती. आत्या अंघोळ करून बाहेर आली तेव्हा धुतलेल्या साडीचा काठ ओला झाला होता. ती काही बोलली नाही. मलाच फार वाईट वाटलं. पाहुणा कोरडे कपडे, टॉवेल, चष्मा, घड्याळ घेऊन आत जातो, तेव्हा दाराच्या मागे, शॉवरपासून लांब, किमान चार खुंट्या आणि चष्म्यापुरती एक फळी हवीच.

बादलीचंही तसंच. वयस्कर माणसं शॉवरखाली उभी राहत नाहीत. जमिनीपासून दोनेक फुटांवर साधा नळ ठेवा आणि त्याखाली बादली खरंच मावते का, ते बादली ठेवूनच बघा. कमोडशेजारी धरायला दांडी लावायची तर जागा भिंत उघडी असतानाच ठरवा, पोकळ बोर्डावर ती टिकत नाही. गिझरचं बटण बाहेर असेल तर त्यावर 'गिझर' असं लिहून टाका.

काळ्या मॅट नळांचा मोह मलाही झाला होता. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यावर पांढरे थर चढतात, आणि ते काढायला ॲसिड वापरलं की रंगच जातो. अशा पाण्याला साधं क्रोम बरं.

एक्झॉस्ट लावूनही भिंतींना ओल येत असेल तर दाराखाली बघा. अर्धा-पाऊण इंच फट नसेल तर पंखा नुसताच फिरतो, बाहेरची हवा आत येत नाही. सुतार तासाभरात दार खालून तासून देतो. कापलेल्या कडेला मात्र लगेच रंग किंवा सीलर लावून घ्या, नाहीतर पाणी लागून दार फुगतं.