आरामासाठी शॉकअप बदलताय? आधी ही तयारी करा

गाडी कडक चालते म्हणून थेट दुकानात गेलात, तर दुकानदार त्याच्याकडचा चांगल्यातला चांगला सेट काढून दाखवेल आणि तो बहुधा तुमच्या उपयोगाचा नसेल. बाहेरून मिळणाऱ्या महाग सस्पेन्शनपैकी बरंचसं वळणावर गाडी कमी झुकावी म्हणून बनवलेलं असतं, म्हणजे कंपनीच्या मूळ सस्पेन्शनपेक्षा कडक. रोज ऑफिसला जाता-येता, मागे आई-वडील बसलेले असताना, आपल्याला हवं असतं ते नेमकं उलट.

म्हणून खरेदीआधी आठवडाभर गाडी लक्ष देऊन चालवा आणि धक्का कुठे, कसा बसतो ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पेव्हर ब्लॉकवर किंवा काँक्रीटच्या सांध्यांवर बारीक खडखड होत असेल, तर संशय टायर, लिंक रॉड (सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) आणि बुशवर (सांध्यांमधले रबरी तुकडे) घ्यायचा. स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी एकदा बसून स्थिर व्हायच्या ऐवजी झुलत राहते? मग शॉकअप थकलेत. खड्ड्यात ‘धाड’ असा आवाज येऊन कमरेपर्यंत हादरा जात असेल, तर सस्पेन्शनची हालचाल संपून ते बंप स्टॉपवर, म्हणजे टोकाला बसवलेल्या रबरी अडथळ्यावर आदळतंय. तिन्ही तक्रारींचे उपाय वेगळे आहेत आणि खर्चही वेगळे.

पैसे खर्च करण्याआधी हवा तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा प्रमाण मानायचा आणि हवा टायर थंड असताना मोजायची. पंपावर अंदाजाने 38-40 पीएसआय भरून घेतली असेल, तर गाडी उडणारच. मग टायरचा साइज पाहा. बलेनोचंच घ्या: 185/65 आर15 टायरची बाजूची भिंत सुमारे 120 मिमी उंच असते, तर 195/55 आर16 ची 107 मिमी. बाहेरून दोन्ही चाकं जवळपास तेवढीच दिसतात, पण मोठ्या अलॉयमध्ये 13 मिमी रबर कमी होतं आणि बारीक धक्के आधी तेच रबर गिळत असतं. कंपनीने त्याच मॉडेलला लहान रिम दिली असेल आणि ती तुमच्या ब्रेकवर बसत असेल, तर आरामासाठी मी शॉकअपच्या आधी हा पर्याय विचारात घेईन. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं.

आता गाडी लिफ्टवर घ्या आणि स्वतः खाली उभे राहा. शॉकअपवरचं रबरी धूळ-कव्हर बोटाने वर सरकवायला सांगा. रॉडजवळ किंचित ओलसरपणा असेल तर चालतं, पण तेल ओघळून त्यावर मातीचा थर बसलेला दिसला, तर तो शॉकअप संपला. गाडी परत खाली, चाकांवर असताना कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून पुढच्या स्प्रिंगवर हलकेच हात ठेवा. ‘टक्’ असा झटका जाणवला तर वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा हात) बुशला भेगा पडल्यात का, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट ढिला आहे का, हेही बघून घ्या. पाच-सहा वर्षं खड्डे खाल्लेल्या गाडीत यातलं खराब झालेलं एवढंच बदललं तरी चाल बरीचशी मूळ पदावर येते.

यानंतर शॉकअप निवडायचे. वजन स्प्रिंग पेलते आणि तिची उसळी शॉकअप शमवतो, त्यामुळे दोघांचा मेळ बसला पाहिजे. मूळ स्प्रिंग ठेवा आणि मूळ कडकपणाचेच शॉकअप मागा. गॅब्रिएल, मोनरो किंवा केवायबी या कंपन्यांपैकी तुमच्या मॉडेलला ज्यांचे मिळतील ते. मात्र केवायबीत ‘एक्सेल-जी’ मूळ धर्तीचे आणि ‘गॅस-ए-जस्ट’ जास्त कडक, हे लक्षात असू द्या. पोलो-ऑक्टाविया वाल्यांना बिल्स्टीन कंपनीचे शॉकअप सुचवले जातात. तिथे आरामासाठी बी4. बी6 वेगाने चालवणाऱ्यांसाठी, बी8 खाली बसवलेल्या गाड्यांसाठी. कोनी कंपनीचे स्पेशल अ‍ॅक्टिव्ह शॉकअप महाग असतात, पण बारीक, भराभर येणाऱ्या धक्क्यांना ते मुद्दाम मऊ राहतात.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग नकोतच, त्यांनी हालचालीची जागाच कमी होते. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफरही टाळा. गाडी उचललेली दिसते, पण तेवढे वेढे काम करेनासे होतात आणि चाल कडक होते. मागची बाजू बसली असेल तर नव्या मूळ स्प्रिंग टाका. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. उंची बदलणारं काहीही करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्यावरचे निर्बंध) आणि विमा, दोन्ही तपासा.

खरेदी पुण्यात नाना पेठेतून करा नाहीतर ऑनलाइन, पण पार्ट नंबर जुळवून आणि पक्कं बिल घेऊनच. शॉकअप जोडीने बदलतात, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. त्याच वेळी माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळ-कव्हर नवे आणून ठेवा. मजुरी तीच लागते, आणि जुन्या माउंटिंगवर नवा शॉकअप चढवला की खडखड तशीच राहते.

बसवताना एका गोष्टीसाठी मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहावं लागलं तरी राहा. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकांवर गाडीचं वजन आल्यावर, तिच्या नेहमीच्या उंचीला आवळायचे. लटकत्या अवस्थेत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो, चाल अडखळते आणि तो लवकर फाटतो. घाईत ही पायरी बऱ्याच ठिकाणी गाळली जाते.

त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्या, आधीच्या-नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागा. मग ज्या रस्त्यावर तक्रार टिपली होती तिथूनच, तेवढीच माणसं बसवून, तीच हवा ठेवून चक्कर मारा. हजारेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासून घ्या.