वायुगळती झाली की या चुका टाळा

डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना उग्र वासाचं नवल राहिलेलं नाही. ‘आज पुन्हा कुणीतरी सोडलंय’ म्हणायचं, खिडकी लावायची आणि कूस बदलायची. खरी गळती होते तेव्हा ही सवयच नडते.

त्याहून वाईट खोड म्हणजे बघायला गॅलरीत धावणं, वर व्हिडिओ काढणं! २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. धूर दिसला की काचेपासून लांब व्हा.

पळायचंच असेल तर आधी वारा बघा. वाळत घातलेले कपडे, टपरीवरचा धूर, काहीही चालेल. वाऱ्याच्या दिशेने पळालात तर वायूही तुमच्यासोबत येतो, आणि धापा टाकताना तो जास्त आत जातो. वाऱ्याला आडवं निघा, नाकातोंडावर ओलं फडकं धरून.

घरात थांबायला सांगितलं असेल तर एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. पण घरातच सिलिंडरचा वास येत असेल तर उलट: कुठलंच बटण चालू करू नका, बंदही करू नका. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, तळमजल्यावर साचतो; अशा वेळी वर चढा. अमोनिया एरवी हलका, पण टाकीतून सुटलेला त्याचा थंड ढग सुरुवातीला जमिनीलगत सरकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

‘वास गेला, म्हणजे गॅस गेला’ हा समज तर जिवावर बेततो. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. आत पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूस म्हणूनच दगावतो.

अंगावर आम्ल उडालं तर सोडा चोळू नका. कपडे काढा, टी-शर्ट डोक्यावरून न ओढता कापा, आणि किमान १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली राहा. (संडास साफ करायचं अॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतूनही क्लोरीनच तयार होतो, कारखाना लागतोच असं नाही.)

११२ ला फोन करताना नुसतं ‘गॅस सुटलाय’ म्हणू नका. ठिकाण, वास, धुराचा रंग सांगा. टँकर असेल तर त्यावरच्या पाटीचा चार आकडी नंबर लांबूनच वाचा: १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया.