फाइल उघडली, पण सिक्वेन्स तोच आहे का? प्रोटीन फॉरमॅट बदलताना या चुका टाळा

प्रोजेक्टची तारीख जवळ आली की राजारामपुरीतल्या आमच्या खोलीवर ज्युनियर पोरं लॅपटॉप घेऊन हजर. "दादा, मॉडेलर चालंना झालंय. फाइल तर बरोबर हाय की!" मॉडेलर म्हणजे माहीत असलेल्या रचनेवरून प्रोटीनची रचना बांधणारं सॉफ्टवेअर, आणि सिक्वेन्स म्हणजे प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम, प्रत्येकाला एक अक्षर.

परवाचंच घ्या. कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम. पोरीनं युनिप्रॉट या प्रोटीन डेटाबेसवरून फास्टा (सिक्वेन्सची साधी टेक्स्ट फाइल) घेतली, १४७ अमिनो आम्लं. पीडीबी या रचनांच्या संग्रहातल्या रचनेत १२९. वरची १८ म्हणजे सिग्नल पेप्टाइड. प्रोटीन पेशीबाहेर पडताना ते कापलं जातं. फॉरमॅट बदलून हा फरक जाणार कसा? म्हणून आधी आणि नंतर अक्षरं मोजायची. मी अजूनही मोजतो.

पीडीबी फाइलमधून सिक्वेन्स काढताना तर दोन उत्तरं मिळतात. सेकरेस (SEQRES) ओळींत प्रयोगासाठी घेतलेली पूर्ण साखळी असते, ॲटम (ATOM) ओळींत फक्त जे प्रत्यक्ष दिसलं तेवढंच. हलणारा लूप (साखळीचा सैल भाग) दिसला नसेल तर तो तिथं नाही. मॉडेलर ॲटमकडं बघतो. तुम्ही सेकरेस दिलंत की सिक्वेन्स जुळत नाही म्हणून अडून बसतो. टेम्प्लेटच्या (ज्या रचनेवरून मॉडेल बांधायचं तिच्या) ओळीत त्या जागी डॅश द्या. बायोपायथन या पायथन लायब्ररीत या दोन्हींसाठी फॉरमॅटची वेगळी नावं आहेत, ती बघून निवडा. सेलेनोमेथिओनिन (मेथिओनिनचं सेलेनियमवालं रूप) हेटॅटममध्ये (HETATM, नेहमीच्या अमिनो आम्लांबाहेरच्या अणूंच्या ओळी) लिहिलेलं असतं. फक्त ॲटम वाचणारी स्क्रिप्ट ते गुपचूप गाळते. तिथं एम, म्हणजे मेथिओनिनचं अक्षर, हवा.

पीआयआर फाइलची, म्हणजे मॉडेलरला सिक्वेन्स ज्यातून देतो तिची, दुसरी ओळ रिकामी सोडू नका. मॉडेलरला तिथं अपूर्णविरामांनी वेगळे केलेले दहा रकाने लागतात, आणि सिक्वेन्सच्या शेवटी तारा.

वंशवृक्ष काढायला वापरतात त्या जुन्या फायलिप फॉरमॅटमध्ये नावाला दहाच अक्षरं. इंग्रजीत अमेरिकन पद्धतीनं लिहिलेलं हिमोग्लोबिन बरोबर दहा अक्षरांचं, त्यामुळं अल्फा आणि बीटा दोघंही नुसते हिमोग्लोबिन होतात! नावं आधीच आखूड करा. फास्टात तर पहिल्या स्पेसपुढचं नाव बरीच सॉफ्टवेअर ओळख म्हणून धरतच नाहीत.

सिक्वेन्स वर्डमध्ये सेव्ह करू नका, साधी टेक्स्ट फाइलच ठेवा.

आणि फास्टाच्या फाइलला पीडीबीचं शेपूट (.pdb) लावून "कन्व्हर्ट केली" म्हणणारेही भेटतात. फास्टात अणूंचे निर्देशांकच नसतात, ते येणार कुठून? त्यासाठी रचनेचं भाकीत करावं लागतं, आल्फाफोल्ड म्हणा किंवा मॉडेलर. एवढं सांगितलं तर परवा रचना दाखवणारं पायमॉल उघडून एक पठ्ठ्या म्हणाला, "पण दादा, पायमॉलनं एररच दिला की!" द्यायलाच पाहिजे होता, भावा.