भोपाळलाही सगळं 'होतं': रासायनिक कारखान्यात या चुका टाळा

सेफ्टीची पाहणी सुरू झाली की पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, आपल्याकडे सगळं आहे." भोपाळलाही होतं.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ई-610 टाकीत पाणी शिरलं. आत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन. ते थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासूनच बंद. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर स्टँडबायवर. वायू जाळणाऱ्या फ्लेअरच्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला. पाण्याचे फवारे चिमणीच्या तोंडापर्यंत पोचलेच नाहीत. तेव्हा "आहे का?" असं विचारूच नका. आत्ता चालू आहे का, नसेल तर कुणी आणि कधीपर्यंत बंद ठेवलंय, ते लेखी मागा.

दुसरी चूक ब्लाइंडची, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणाऱ्या धातूच्या चकतीची. त्या संध्याकाळी जवळच्या पाइपलाइन पाण्याने धूत होते आणि ब्लाइंड टाकले नव्हते. टाकीतलं पाणी तिथलंच, की कुणी मुद्दाम सोडलेलं? कंपनी घातपातच म्हणत राहिली. वाद राहू दे. व्हॉल्व्ह बंद असूनही पास होतात, म्हणजे आतून गळतात, हे कुठलाही फिटर सांगेल. ब्लाइंड टाका, टॅग लावा, मग कामाच्या परमिटवर सही करा.

गेजचं तर बघाच. रात्री 10:20 ला दाब 2 पीएसआय होता, पुढे पाळी बदलली आणि 11 वाजता 10. दहा मर्यादेतच, म्हणून नव्या पाळीतलं कुणी दचकलं नाही. डोळे चुरचुरायला लागले, गळतीही सापडली, पण बघायचं ठरलं चहानंतर. पाळी घेताना आकड्याबरोबर आधीच्या दोन-तीन नोंदीही वाचा.

बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा सुरू होऊन लगेच बंद झाला. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढंही लोकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून तर 1987 मध्ये कारखाना अधिनियम बदलला: धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं बंधनकारक झालं. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांनीही आपत्कालीन आराखडा सक्तीचा केला. तो कपाटात कुलूपबंद ठेवून सराव फक्त गेटच्या आत करणं, ही आजही सर्रास होणारी चूक.

1987 च्या त्याच दुरुस्तीतल्या कलम 41-एचने कामगाराला जिवावरचा धोका दिसताच तो व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क दिला. कंत्राटी पोरांच्या इंडक्शनमध्ये मात्र हेल्मेट आणि अग्निशामक दाखवून वेळ संपते.