दिवाळीनंतरची दाणा-वैरण: घोड्याची चंदी आवरा, गव्हाण भरा

दिवाळीत अकलूजचा घोडेबाजार भरतो, तुळशीचं लग्न लागलं की वरातींचे मुहूर्त निघतात आणि इकडे माळावरचं गवत पिवळं पडायला लागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या घोडेवाल्यांनी वैरणीचा हिशेब मांडायची वेळ हीच. मालदांडी ज्वारीचा नवा कडबा फेब्रुवारी-मार्चशिवाय हाती येत नाही. सध्या गंजीत आहे तो गेल्या सालचा, वरचे थर पावसानं काळे पडलेले. अशा वेळी चारा कमी पडला की सरळ तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत, दाणा वाढवला जातो. घोड्याच्या पोटाची आणि पायाची बरीच दुखणी इथूनच सुरू होतात.

घोडा रवंथ करत नाही, हे गाई-म्हशी सांभाळणाऱ्यांनी आधी डोक्यात पक्कं करावं. त्याचं जठर लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं, आणि त्यात आम्ल दिवस-रात्र पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे 16 तास तरी तोंड हलवत असतो. चघळताना सुटणारी लाळच ते आम्ल शमवते. चारा चघळायला वेळ लागतो, भरडा दहा मिनिटांत संपतो. शिवाय दाण्यातला स्टार्च पचवायची लहान आतड्याची कुवत बेताची. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरला की आंबतो, लॅक्टिक आम्ल तयार होतं, चारा पचवणारे जिवाणू मरतात. मग पोटशूळ उठतो, नाहीतर खुरातला मांसल भाग सुजून घोडा पाय धरतो, म्हणजे लॅमिनायटिस. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचं काही पोटात गेलं तर ते वरून बाहेर यायचा मार्गच नाही.

आता तोबऱ्याचा हिशेब. एका वेळच्या खाण्यात शरीराच्या दर किलो वजनामागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नको. 300 किलोच्या घोड्याला म्हणजे एका वेळी 300 ग्रॅम. मका आणि ज्वारीत साधारण 65 ते 70 टक्के स्टार्च असतो, म्हणजे साडेचारशे ग्रॅम भरड्यातच मर्यादा संपली. ओट आणि हरभऱ्यात तो 40 टक्क्यांच्या आसपास, म्हणून तेवढ्याच हिशेबात पाऊण किलोच्या आत बसतं. पूर्वीचे लोक घोड्याला हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, देत, त्यात शहाणपण होतं. पण एका तोबऱ्यात दोन किलो मक्याचा भरडा, वर गुळाचा खडा, ही आताची रीत मला अजिबात पटत नाही. भिजवल्यानं दाणा मऊ होतो, त्यातला स्टार्च कमी होत नाही.

वजनकाटा नसला तरी अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर टेपनं सेंटिमीटरमध्ये मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेरानं गुणा, आलेल्या आकड्याला लांबीनं गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 155 आणि लांबी 140 असली तर वजन 283 किलोच्या आसपास येतं. या वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा रोज पोटात जायला हवा. घोडा लठ्ठ असला तरी दीड टक्क्याखाली जाऊ नका.

300 किलोच्या घोड्याला त्यानुसार सुकं गवत 4 किलो, कडबा किंवा भुईमुगाचा वाळलेला पाला दीड किलो आणि हिरवा लसूणघास 5 किलो धरला की सहा किलोच्या जवळपास कोरडा अंश होतो. हे एकदम टाकू नका, तीन-चार वेळा विभागून द्या. सगळ्यात मोठा वाटा रात्रीचा, कारण रात्र लांब असते आणि गव्हाण रिकामी राहते ती तेव्हाच. पेंढ्या मोजून वैरण घालू नका. पेंढीचं वजन बांधणाऱ्याच्या हातावर असतं. साधा ताणकाटा विकत घ्या आणि आठवडाभर वजन करून टाका, मग नजर बसते.

कोणता चारा, हे जरा सविस्तर सांगायला हवं. घोड्याला आपल्या भागात सगळ्यात चांगलं माळरानाचं आणि बांधावरचं गवत, त्यातही मारवेल. फुलोऱ्यात कापून दोन-तीन दिवस उलटून-पालटून वाळवलेलं हवं. कार्तिकात गवत विकत घेताना एक पेंडी सोडवून बघा. रंग हिरवट-पिवळा, वास गोड, काडी वाकवली तर कडकन न मोडणारी असावी. कुसळी गवत असेल तर तुरा अंगठ्यानं दाबून पाहा. कुसळं टोचायला लागली असतील तर ती घोड्याच्या हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, लाळ गळते, घोडा खाणं टाकतो आणि मालकाला कारण कळत नाही. असं गवत स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

कडबा हा आपला हक्काचा चारा, पण एकट्या कडब्यावर घोडा ठेवू नये. त्यात प्रथिनं फार कमी, आणि पाणी कमी पडलं की जाड ताटांचा गठ्ठा आतड्यात अडकतो. आतून काळा किंवा पांढुरकी बुरशी धरलेला कडबा झटकून घालायचा मोह होतो. तसं करू नका, तो जाळलेला बरा. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला नकोच. गुडघ्याखालच्या, पाण्याचा ताण बसलेल्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोड्यात आणखी एक प्रकार होतो. हिरवी ज्वारी आठवडेच्या आठवडे चरली तर मूत्राशयाची सूज येते, लघवी थेंबथेंब गळत राहते आणि मागचे पाय लटपटतात. ते बरं होणं अवघड.

दुधाच्या गोठ्यासाठी लावलेलं संकरित नेपियर, म्हणजे हत्तीगवत, आणि हंगामातलं उसाचं वाढं सहज मिळतं म्हणून घोड्यालाही पडतं. दोन्हींत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लं की हाडं भुसभुशीत होतात, गालाची हाडं फुगतात, चाल बिघडते. त्यावर गव्हाचा कोंडा दिला तर आणखी भर, कारण कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. लसूणघासात कॅल्शियम चांगलं असतं, म्हणून तो रोज थोडा हवाच. मात्र एकूण कोरड्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर तो नेऊ नका.

गोठ्यातल्या तीन गोष्टी घोड्यापासून कुलपात ठेवा. पहिली कोंबडीखाद्य आणि गोळीपेंड. त्यात मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असू शकतं, जे कोंबडीला आणि गाईला चालतं, पण घोड्याच्या हृदयावर घाला घालतं. दुसरी मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा. पिशवीत हवा शिरून खराब झालेला मुरघास घोड्याला बोटुलिझमनं, म्हणजे त्यातल्या जिवाणूंच्या विषानं, मारू शकतो. तिसरी बुरशीचा मका. त्यातल्या विषानं घोड्याचा मेंदू विरघळल्यासारखा होतो आणि त्यावर उपचार नाही. ‘म्हशीनं खाल्लं, काही झालं नाही’ हा दाखला इथं लागू पडत नाही.

अकलूजहून नवा घोडा आणलात तर विकणाऱ्याला आधी विचारा की तो काय आणि किती खात होता. जमलं तर त्याच्याकडूनच आठवड्याची वैरण घ्या. नव्या चाऱ्यावर 10 ते 14 दिवसांत हळूहळू आणा. बाजारासाठी दाणा-तूप घालून चमकवलेला घोडा एकदम कडब्यावर टाकला, किंवा त्याच्या उलट केलं, तरी पोट बिघडतं.

वरातीचा घोडा संध्याकाळपासून मांडवापुढे उपाशी उभा असतो आणि मध्यरात्री घरी आल्यावर भरगच्च तोबरा चढवतो. निघण्याआधी अर्धा तास किलोभर सुकं गवत द्या, म्हणजे रिकाम्या पोटात आम्ल उसळत नाही. परतल्यावर अंग गार होऊ द्या, पाणी पाजा, मग चारा, आणि चंदी तासाभरानं. जास्त ताकद हवी असेल तर दाणा न वाढवता करडईचं तेल रोज 30 मिलीपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत 100-150 मिलीपर्यंत न्या. रोजचं मीठ 20 ग्रॅमच्या आसपास, घाम आला त्या दिवशी थोडं जास्त.

भीमथडी जातीचे घोडे आणि गावरान तट्टू थोडक्यात भागवणारे असतात. काम नसलेल्या, मानेवर कडक चरबीचा उंचवटा आलेल्या जनावराला दाणा पूर्ण बंद करा, गूळ आणि ऊसही. सुकं गवत अर्धा ते एक तास पाण्यात बुडवून, पाणी टाकून दिलं तर त्यातली साखर कमी होते. आपल्या उन्हात त्याहून जास्त वेळ ठेवू नका, आंबतं. ओटाचा हिरवा चारा अशांना नको, त्यात साखर बरीच असते.

रोज सकाळी लीद फोडून बघा. त्यात अख्खे दाणे दिसले, आंबट वास आला किंवा ती पातळ पडली तर दाणा निम्मा करा. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे भार देऊन उभा असेल, खुरं गरम लागत असतील, किंवा कुशीकडे वळून पाहत लोळत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. पशुवैद्यकाला बोलवा, जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या क्रमांकावर फोन लावा.

पाण्याची सोय असेल तर लसूणघास याच महिन्यात पेरा. राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल-88 हा वाण आपल्याकडे चालतो. हेक्टरी 25 किलो बी लागतं, पहिली कापणी 50-55 दिवसांनी, पुढच्या 25-30 दिवसांनी. बियाण्यात अमरवेलीचं बी नाही याची खात्री करून घ्या. ती एकदा वाफ्यात आली की घास गिळते, तेव्हा दिसली तशी झाडासकट उपटून जाळा. दोन-तीन गुंठे एका घोड्याला पुरतात, आणि कापलेला घास अर्धा दिवस सुकवूनच टाका.