सीओईपीत पहिल्या वर्षी ग्रुप कसा निवडावा

पुण्यात शिवाजीनगरच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश झाला की पहिल्याच महिन्यात प्रत्येक क्लब फॉर्म घेऊन उभा असतो. नाटक, रोबो, बोट, मासिक, टेक फेस्ट. उत्साहात चार ठिकाणी नाव दिलं जातं आणि दिवाळीपर्यंत तीन सुटतात. तोवर जर्नलंही मागे पडलेली असतात. आवड महत्त्वाची आहेच, पण निवड कॅलेंडरवरून करा.

शैक्षणिक वेळापत्रक मिळालं की मिडसेम, सबमिशन, ओरल आणि एंडसेमच्या तारखा एका कागदावर उतरवा. शेजारी ज्या ग्रुपचा विचार आहे त्याचा सर्वांत जड महिना लिहा. पुरुषोत्तम करंडक (महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे) पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे कॉलेज धड कळायच्या आत तालमी सुरू, आणि भरत नाट्य मंदिरातल्या प्रयोगापर्यंत रोजच्या संध्याकाळी गेल्या. फिरोदिया करंडक ही दुसरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारण फेब्रुवारीत. तिथे अभिनय येत नसला तरी चालतं. तबला, चित्रकला, मल्लखांब, अगदी लाकूडकाम येणाऱ्यालाही जागा असते, कारण एकाच सादरीकरणात जमतील तेवढ्या कला गुंफायच्या असतात. रेगाटा, म्हणजे बोट क्लबचा नदीवरचा कार्यक्रम, मार्चच्या आसपास. फिरोदिया आणि रेगाटा दोन्ही दुसऱ्या सेमिस्टरलाच येतात, त्यामुळे पहिल्या वर्षी दोन्हींत उतरू नका. दोन्ही जमवलेले लोक दाखवले जातील, पण त्यांचे ग्रेड कुणी दाखवत नाही.

आता तासांचा हिशेब. आठवड्याचे 168 तास. झोप रोज सात तास धरली तर 49, लेक्चर-प्रॅक्टिकल सुमारे 30, जेवण-आंघोळ-कपडे 21, प्रवास 10, स्वतःचा अभ्यास 20. उरतात 38. त्यातला निम्मा वेळ मोबाइल, रांगा आणि नुसत्या गप्पांत जातो, आणि तो जायलाही हवा. एरवीच्या आठवड्यात ग्रुपला 10 ते 12 तास देता येतात. कार्यक्रमाआधीचे तीन आठवडे 25 पर्यंत ताणता येतं. त्यापुढे झोप कापली जाते, आणि रात्री दोनपर्यंत तालीम करून सकाळच्या प्रॅक्टिकलला उठणं दोन-तीनदाच जमतं.

बुडालेल्या लेक्चरच्या नोट्स मिळतात; प्रॅक्टिकलचं तसं नाही. तुमच्या बॅचचा दिवस गेला तर यंत्र, सर आणि सही तिन्ही एकत्र पुन्हा मिळवताना घाम फुटतो. कार्यक्रमाची तारीख कळली की आठवडाभर आधी दुसऱ्या बॅचबरोबर बसण्याची परवानगी मागा. हजेरीची सवलत असेल तर तिचं पत्रही आधीच द्या. कार्यक्रम झाल्यावर नेलेल्या पत्राला फारशी किंमत नसते.

परिचयाच्या सभेत चकचकीत व्हिडिओ दाखवतात. तो बघा, आणि मग मागे बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना विचारा: गेल्या वर्षी कितीजण आले, आज किती उरलेत? तालीम ठरलेल्या वेळेला संपते का? वर्गणी किती? मिडसेमच्या आठवड्यात काम थांबतं का? उत्तर द्यायला दुसऱ्या वर्षाचं कुणी नसेलच, तर तेही उत्तरच आहे.

तांत्रिक ग्रुपमध्ये आणखी एक गोष्ट पाहा: जुन्या बॅचने काय लिहून ठेवलंय. ‘स्वयम्’ हा सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, वजनाने किलोभरही नसलेला उपग्रह 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून गेला, पण काम सुरू झालं होतं 2008 मध्ये. पदवी चार वर्षांची आणि प्रकल्प आठ वर्षांचा, म्हणजे सुरुवात करणारे आणि शेवट पाहणारे वेगळे. अशा ठिकाणी नोंदी नसतील तर नवी बॅच वर्षभर जुन्याच चुका करत बसते.

बोट क्लबचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. तो 1928 पासूनचा. रेगाटातलं पंट (सपाट बुडाच्या होड्या) फॉर्मेशन, कयाक (अरुंद होडी) बॅले, जमिनीवरचा मशाल डान्स हे सगळं विद्यार्थीच बसवतात. पोहता येत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा, लाजू नका. तलावात शिकून मग नदीवर या. मुळा नदीचं पाणी स्वच्छ नाही, म्हणून अंगावर उघडी जखम असताना उतरू नका, आणि बाहेर आल्यावर साबणाने अंघोळ करा. पाण्यात उतरायचं नसेल तर प्रकाशयोजना, तिकिटं, प्रायोजक अशी काठावरची कामं भरपूर असतात.

लोकलाइट, म्हणजे घरून ये-जा करणाऱ्या मुलांची अडचण वेगळी. पाच वाजता घरी निघालं की मैत्री हॉस्टेलवाल्यांची आपापसांत होते, कारण ती सभेत कमी आणि सभेनंतरच्या चहावर जास्त होते. आठवड्यातून दोन दिवस आठपर्यंत थांबा आणि शेवटच्या मेट्रोची वेळ पाहून ठेवा. लातूर-नांदेड-जळगावहून आलेल्यांना ‘न’ आणि ‘ण’वरून टोमणे बसतात. बोली बदलायची गरज नाही. एकांकिकेत तीच बोली ओढूनताणून बोलणारे पुणेकर लगेच उघडे पडतात, तेव्हा मागणी तुम्हालाच येते. बाहेर खाताना पहिल्या दिवसापासून टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) ठेवा. एफसी रोडवर दर वेळी एकानेच बिल भरलं की महिनाअखेर तो यायचा बंद होतो.

‘परिचय’ म्हणून रात्री खोलीवर बोलावणं, कामं लावणं, शिव्या देणं हे रॅगिंगच आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध 1999 पासून कायदा आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) हेल्पलाइन 1800-180-5522. तिथे नाव उघड न करता बोलता येतं.

ग्रुप सोडायचा झाला तर गायब होऊ नका. कार्यक्रमाच्या किमान सहा आठवडे आधी सांगा, म्हणजे तुमच्या जागी दुसरं कुणी तयार होतं. खोलीची किल्ली, ड्राइव्हचा पासवर्ड, भाड्याने आणलेल्या सामानाची बिलं आणि ज्या दुकानदाराकडे डिपॉझिट अडकलंय त्याचा नंबर त्याच दिवशी पुढच्याच्या हाती द्या.